देठ असलेलं पान: इंदूरच्या एका शाळेचं नाव आणि बोधचिन्ह

पार्श्वभूमी

ही शाळा इंदूरच्या जुन्या मराठी वस्तीत आहे, राजवाड्यापासून पायी जाता येईल इतकी जवळ. १९४८ साली होळकर संस्थान मध्य भारतात विलीन झालं, त्याच्या आधी काही मराठी शिक्षकांनी एका वाड्याच्या तळमजल्यावर ती सुरू केली. तेव्हा माध्यम मराठी होतं. पुढे हिंदी झालं, आता वरच्या वर्गांना इंग्रजीही आहे. मराठी एक विषय म्हणून उरली आहे आणि तो विषय संस्कृतसोबत मी शिकवते.

शाळेचं पूर्ण नाव इथे देत नाही. त्यात ‘अहिल्या’ हा शब्द आहे एवढं सांगते. त्यावरून शाळा ओळखता येणार नाही, कारण आमच्या शहरात विद्यापीठापासून विमानतळापर्यंत हेच नाव आहे. माणसांची नावंही गाळली आहेत.

बोधचिन्ह असं: एक वर्तुळ, मध्ये तीन पाकळ्यांसारखा आकार, खाली फितीवर चार संस्कृत शब्द, ‘लभ्या श्रीः कर्तुः प्रारब्धात्’. गणवेशाच्या खिशावर, दैनंदिनीवर, दाखल्यांवर, फाटकावर सगळीकडे ते आहे. मी या शाळेत वीस वर्षांहून जास्त काळ आहे, संस्कृत शिकवते, आणि ते चार शब्द मी एकदाही वर्गात फळ्यावर लिहून सोडवून दाखवले नव्हते. हे प्रकरण लिहिण्यामागे ती टोचणीही आहे.

प्रश्न कसा उभा राहिला

अहिल्याबाईंचा जन्म ३१ मे १७२५ चा. २०२५ मध्ये त्याला तीनशे वर्षं होणार म्हणून आदल्या शैक्षणिक वर्षात शहरभर कार्यक्रम चालू होते. आम्ही वक्तृत्व स्पर्धा ठेवली, विषय ‘माझ्या शाळेचं नाव’. सहावीतली एक मुलगी उभी राहिली आणि हिंदीत फार सुंदर बोलली. आमची शाळा त्या अहिल्यामातेच्या नावाची, जी शापाने शिळा झाली आणि श्रीरामांच्या पायाची धूळ लागताच पुन्हा स्त्री झाली, असं तिने सांगितलं. टाळ्या पडल्या. परीक्षकांच्या टेबलावर आम्ही तिघी एकमेकींकडे बघत राहिलो. तिची चूक म्हणायची तर कशी? तिला दुसरी अहिल्या कोणी सांगितलीच नव्हती. राजवाड्यासमोरच्या बागेतला पुतळा ती रोज रिक्षातून बघते, पण तो आपल्या शाळेच्या नावाचा, हे तिच्यापर्यंत पोहोचलं नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात पालकसभा होती. पाचवीतल्या एका मुलाचे वडील, मराठी घरातले, दैनंदिनीचं पहिलं पान उघडून उभे राहिले. म्हणाले, “मॅडम, ‘लभ्या श्री कर्तु प्रारब्धात’. श्री म्हणजे लक्ष्मी, आणि ती प्रारब्धात असावी लागते. पैसा नशिबाने मिळतो असं शाळेनंच लिहून ठेवलंय, मग मी पोराला अभ्यासाला कुठल्या तोंडाने बसवू?” सभेत थोडं हसू फुटलं, पण ते स्वतः हसत नव्हते. त्यांनी वाचलं होतं ते छापलेलं होतं तसंच. ‘प्रारब्धात्’च्या शेवटच्या त चा हलन्त, म्हणजे पाय मोडल्याची खूण, छपाईत कधीच गळून पडला होता. हलन्त नसला की मराठी माणसाला ती सरळ आपली सप्तमी दिसते: प्रारब्धात, म्हणजे नशिबात.

तिसरी गोष्ट आधीपासूनच टेबलावर होती. विश्वस्तांनी एका डिझायनरकडून नवीन बोधचिन्हाचे नमुने मागवले होते आणि नावापुढे ‘इंटरनॅशनल’ जोडावं असा एक प्रस्ताव होता. पट घसरतो आहे, शेजारच्या नव्या शाळांच्या पाट्या चकचकीत आहेत, ही त्यामागची काळजी खरी होती.

या तिन्हींसाठी मिळून पाच जणांची समिती झाली: प्राचार्या, एक विश्वस्त, चित्रकलेचे सर, ते प्रश्न विचारणारे पालक आणि सचिव म्हणून मी.

पहिली घाई

दैनंदिनी छापायला जाणार होती. छापखान्याला पहिल्या पानाचा मजकूर दहा दिवसांत हवा होता आणि प्राचार्या म्हणाल्या, निदान बोधचिन्हाचा अर्थ तरी या वर्षी छापून टाकू. मी एका संध्याकाळी बसून लिहिलं: कमळ हे पावित्र्याचं प्रतीक, त्याच्या तीन पाकळ्या म्हणजे ज्ञान, शील आणि सेवा, वर्तुळ म्हणजे पूर्णत्व. मजकूर छान वाटला. सगळ्यांनी मान डोलावली. तो छापला गेला आणि सगळ्या मुलांच्या दप्तरात गेला.

त्यातलं एकही अक्षर मी कुठून घेतलं नव्हतं. समोर तीन टोकांचा आकार होता, त्याला शोभतील असे तीन गुण मी बसवले. असा अर्थ लिहायला सोपा जातो, कारण त्याला अडवणारं काहीच नसतं. मी मुलांना धड्याखाली ‘आधार काय?’ असं विचारते, तो प्रश्न मी स्वतःला विचारला नाही.

पान सापडलं

चित्रकलेच्या सरांचं मात्र समाधान झालं नाही. त्यांची शंका साधी होती: कमळाला तीनच पाकळ्या का, आणि खाली ही गाठ कसली? त्यांनी शाळेत जिथे जिथे बोधचिन्ह आहे तिथून त्याच्या प्रती गोळा केल्या. जुन्या गुणपत्रिका, वार्षिकांकांची मुखपृष्ठं, कपाटातल्या ढाली, फाटकाचा फोटो. वाचनालयाच्या लांब टेबलावर त्या वर्षांच्या क्रमाने मांडल्या तेव्हा आकार कसा घसरत गेला ते आमच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं.

सगळ्यात नवी प्रत संगणकावर केलेली, गुलाबी कमळ. त्याआधीच्या प्रतींत कमळ नाहीच, ज्योत आहे. ज्योतीचं मूळ फाटकात होतं: लोखंडी पट्ट्या वाकवून वेल्डिंगने चिन्ह करताना तिन्ही टोकं एकमेकांना चिकटली आणि त्यातून ज्वाळा झाली. पुढच्या वार्षिकांकात लगेच ‘ज्ञानज्योत’ असा लेख आहे. नंतर कोणीतरी ज्योतीवरून संगणकावर आकार गिरवला, टोकं गोल झाली, रंग भरला, आणि कमळ झालं. प्रत्येक वेळी आधी आकार बदलला आणि मग कोणीतरी त्याचा अर्थ लिहिला. दुसऱ्या वेळी तो मी लिहिला होता.

सर्वांत जुनी प्रत आमच्याकडे नव्हती. ती मिळाली रामबागेत राहणाऱ्या एका माजी विद्यार्थिनीकडे. त्या आता ऐंशीच्या पुढे आहेत, सगळे त्यांना आजीच म्हणतात. त्यांना शाळेत बक्षीस मिळालेल्या पुस्तकाच्या आत एक चिठ्ठी चिकटवलेली होती, त्यावर ठशाने छापलेलं चिन्ह, तळहाताच्या खळग्यात मावेल एवढं. सरांनी भिंग काढलं. आजींना भिंग लागलंच नाही. म्हणाल्या, “ज्योत कसली आणि कमळ कसलं? अहो, बेल आहे तो. मधल्या पानाचा देठ बघा ना, लांब आहे.”

दुसऱ्या दिवशी जीवशास्त्राच्या मॅडम बेलाची डहाळी घेऊन आल्या. बेलाचं पान त्रिदल असतं हे आपल्याला श्रावणापासून ठाऊक असतं, पण मी ते कधी असं पाहिलं नव्हतं. बाजूची दोन पानं देठाला जवळजवळ बसलेली असतात. मधलं मात्र स्वतःच्या वेगळ्या बारीक देठावर वर उभं राहतं. चिठ्ठीवर नेमकं तेच होतं. दोन पानं खाली बसलेली, तिसरं केसाएवढ्या रेघेवर उचललेलं. तिन्ही पानांना मधली शीर होती. ज्योतीला देठ नसतो, कमळाच्या पाकळीलाही नसतो. सरांना खटकलेली ती ‘गाठ’ म्हणजे वेल्डिंगमध्ये अडकून राहिलेला देठाचा तुकडा.

आजींनी मग आणखी एक गोष्ट काढली. देवघरातल्या चांदीच्या डबीत, हळदीकुंकवाने काळपट झालेला एक जाड, ओबडधोबड रुपया होता. लक्ष्मीपूजनात तो त्यांच्याकडे पिढ्यांपासून आहे. मऊ फडक्याने पुसल्यावर एका बाजूला शिवाची पिंडी आणि बेलाचं पान दिसलं. महेश्वरच्या टांकसाळीतल्या होळकरी रुपयावर हीच खूण असे. इंदूरची टांकसाळ मल्हारनगर नावाने चाले आणि तिच्या रुपयावर सूर्याचा चेहरा असे. नर्मदाकाठच्या महेश्वरहून अहिल्याबाईंनी राज्य चालवलं, तिथल्या रुपयावर पिंडी आणि बेल.

त्याच नाण्यावर फारसी अक्षरंही आहेत. आमच्या आठवीतल्या एका मुलाचे आजोबा उर्दू वाचतात, त्यांना बोलावलं. ठसा नाण्यापेक्षा मोठा असायचा, त्यामुळे पूर्ण मजकूर कुठल्याच एका नाण्यावर उमटत नाही, तुकडे येतात. त्यांनी बराच वेळ नाणं उजेडात फिरवलं आणि एक शब्द लावला: ‘शाह’. रुपया दिल्लीच्या बादशहाच्या, दुसऱ्या शाह आलमच्या नावाचा, आणि खूण महादेवाची. दोन्ही एका तुकड्यावर. ते आजोबा आणि आजी त्या टेबलावर शेजारी बसून ते नाणं एकमेकांच्या हातात देत होते, ते मला अजून दिसतं.

इथे एक निर्णय घ्यावा लागला. चिठ्ठीवरचं चिन्ह बेलाचं पान आहे यात शंका उरली नाही. पण संस्थापकांनी ते महेश्वरच्या रुपयावरून घेतलं, असं सांगणारा कागद आमच्याकडे नव्हता. विश्वस्तांना तेही ठामपणे छापायचं होतं, गोष्ट चांगली होती म्हणून. या वेळी मी अडून बसले. नव्या मजकुरात दोन परिच्छेद वेगळे ठेवले: चिन्हात काय आहे ते एक, आणि ते कुठून आलं असावं हा आमचा तर्क ते दुसरं. ‘असावं’ हा शब्द तिथे राहिला पाहिजे एवढाच माझा आग्रह होता.

चार शब्द

त्या तर्काला बळ मिळालं ते बोधवाक्यामुळे. हे चार शब्द होळकर संस्थानाच्या बोधवाक्याचा उत्तरार्ध आहेत. पूर्ण वाक्य असं: ‘प्राहोमेशो लभ्या श्रीः कर्तुः प्रारब्धात्’. सुरुवातीचा संधी सोडवला की प्राह आणि उमेशः. उमेश, म्हणजे शंकर, म्हणाला. पुढे त्याचं म्हणणं. अहिल्याबाईंच्या हुकमांवर त्यांचं स्वतःचं नाव नसे, ‘श्रीशंकर’ असे. राज्य त्याचं आणि आपण त्याच्या आज्ञेने चालवतो हा त्यामागचा भाव. म्हणून संस्थानाच्या वाक्यात बोलणारा उमेश आहे. आमच्या शाळेच्या फितीवर त्याचं बोलणं तेवढं आलं.

आता ‘प्रारब्ध’. आपण मराठीत ‘प्रारब्ध कोणाला चुकलंय’, ‘प्रारब्धाचे भोग’ असं म्हणतो तेव्हा दैवच अभिप्रेत असतं. तो अर्थ वेदान्ताच्या वाटेने आला. संचित, प्रारब्ध, क्रियमाण अशी कर्माची वाटणी होते, त्यात जे कर्म फळ द्यायला लागलं आहे, आरंभलं गेलं आहे, ते प्रारब्ध. पण शब्दाचं मूळ बघितलं तर तो ‘प्रारंभ’चा सख्खा भाऊ आहे, एकाच धातूचा. प्रारब्ध म्हणजे सुरू केलेलं, हाती घेतलेलं. भर्तृहरीच्या नीतिशतकातल्या प्रसिद्ध श्लोकात सामान्य माणसं विघ्नांच्या भीतीने सुरुवातच करत नाहीत, मधली माणसं विघ्न आलं की थांबतात, आणि शेवटी येतं: ‘प्रारब्धमुत्तमजना न परित्यजन्ति’. उत्तम माणसं सुरू केलेलं सोडत नाहीत. तिथे प्रारब्धाला नशीब म्हणून वाचलं तर श्लोकच कोसळतो.

कर्तुः म्हणजे करणाऱ्याची. लभ्या म्हणजे मिळवता येण्याजोगी. आणि शेवटचा त् अर्धा आहे, म्हणजे पंचमी: आरंभलेल्या कामातून. श्री मिळते ती करणाऱ्याला, त्याने हाती घेतलेल्या कामातून. त्या पालकांनी वाचलेल्या अर्थाच्या हे अगदी उलट आहे आणि दोन्हींमधलं अंतर एका हलन्ताएवढं आहे.

मी हे समितीत फळ्यावर सोडवून दाखवलं. ते पालक बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “मॅडम, हे तुम्ही वर्गात सांगा. पण मी जसं चुकलो तसा दुसरा बापही चुकणार. खाली साध्या भाषेत लिहा.” त्यांचं हे म्हणणं पुढे निर्णायक ठरलं.

समोरचे पर्याय

डिझायनरचे तीन नमुने होते. पहिल्यात पृथ्वीचा गोल, उघडं पुस्तक, उगवता सूर्य आणि इंग्रजी बोधवाक्य. स्वच्छ काढलेला होता, पण त्यावर देशातल्या कुठल्याही शाळेचं नाव लिहिलं असतं तरी चाललं असतं. दुसऱ्यात राजवाड्याचे सात मजले. हा मला आवडला होता, पण खिशाएवढ्या आकारात खिडक्या चिखलासारख्या एकमेकांत मिसळत होत्या. तिसऱ्यात हातात पिंडी घेतलेल्या अहिल्याबाईंचं आपल्याला तसबिरीतून परिचित असलेलं रूप.

बेलाचं पान सापडल्यावर चौथा पर्याय आला: मूळ चिन्हाकडे परत जाणं. त्यातही दोन मतं पडली. विश्वस्त म्हणाले, नाण्यावर पिंडीही आहे, मग तीही घेऊ, म्हणजे अहिल्याबाईंचा संबंध लगेच कळेल.

बोधवाक्याबद्दल वेगळे पर्याय होते. ते काढून इंग्रजी घ्यावं. किंवा ‘सा विद्या या विमुक्तये’सारखं ओळखीचं घ्यावं, त्याचा अर्थ कोणी विचारत नाही. किंवा पूर्ण संस्थानी वाक्य घ्यावं. किंवा आहे तेच ठेवून खाली अर्थ द्यावा.

नावाबद्दल दोन. एक, ‘इंटरनॅशनल’ जोडणं. दुसरा आमच्याच खोलीतून आला: संस्कृतच्या शुद्ध रूपाने ‘अहल्या’ लिहावं का? तो मुद्दा मीच काढला होता. रामायणाच्या उत्तरकांडात नावाची फोड आहे: हल म्हणजे कुरूपता, ती जिच्यात नाही ती अहल्या. ‘न नांगरलेली’ अशी दुसरी फोडही करतात. व्याकरणाने माझं म्हणणं बरोबर होतं.

काय ठरलं आणि का

पिंडीचा प्रश्न आजींनी सोडवला, त्या समितीवर नसतानाही. त्या म्हणाल्या, “चिन्ह कुठे कुठे येतं? मोज्यावर येतं, बुटांच्या पिशवीवर येतं, खेळाच्या मैदानावर चुन्याने काढतात. पिंडी काढाल तर पोरं तिच्यावर पाय देतील. मग रागवायचं कोणाला?” हा विचार आमच्यापैकी कोणालाच सुचला नव्हता. शाळेत सगळ्या धर्मांची मुलं आहेत हाही मुद्दा चर्चेत आला, आणि उर्दू वाचणारे आजोबा पुन्हा आले होते त्यांना मी सरळच विचारलं. ते म्हणाले, पान पानच असतं, बेलाचं सरबत आमच्याही घरी होतं. संस्थापकांनी फक्त पान घेतलं होतं. आम्हीही फक्त पान घ्यायचं ठरवलं. तसबिरीतलं रूपही त्याच कारणाने मागे पडलं.

बोधवाक्य तेच राहिलं. त्यासाठी मला सगळ्यात जास्त भांडावं लागलं आणि त्याचा मला आनंद आहे. ज्या शाळेत मुलांना ‘सुरू केलंस ते पूर्ण कर’ हे रोज सांगावं लागतं, तिच्या कपाळावर हेच लिहिलेलं असताना ते पुसायचं कशाला? पूर्ण वाक्य मात्र घेतलं नाही, ते संस्थानाचं आहे. पालकांच्या सूचनेप्रमाणे जिथे जागा आहे तिथे खाली अर्थ द्यायचा ठरला, हिंदीत आणि मराठीत. मराठी ओळ अशी: ‘हाती घेतलेलं काम करणाऱ्याला श्री लाभते.’

नावाबाबत माझा मुद्दा मीच मागे घेतला. रामायणातली अहल्या आणि होळकरांची अहिल्या या दोघींची गल्लत हाच तर आमचा मूळ प्रश्न होता. चौंडीच्या शिंद्यांच्या घरी जन्मलेल्या, मल्हाररावांच्या सून झालेल्या, १७६७ पासून १७९५ पर्यंत राज्य चालवणाऱ्या बाईंना मराठीत अहिल्या म्हणतात. नाव त्यांचं आहे, तर ते त्यांच्या रूपातच राहिलं पाहिजे. शिवाय नोंदणी, संलग्नता, हजारो जुने दाखले सगळीकडे ‘अहिल्या’ आहे. ‘इंटरनॅशनल’ही याच कागदपत्रांच्या धाकाने बारगळलं. ते पटून मागे पडलं असतं तर मला जास्त बरं वाटलं असतं.

प्रत्यक्ष काम

चित्रकलेच्या सरांनी चिठ्ठीवरून नवं रेखाटन केलं. सोबत एक पानभर सूचना केल्या, त्या छापखाना, शिंपी, पाटी रंगवणारे सगळ्यांना दिल्या. तीन पानं एकमेकांना चिकटता कामा नयेत. लहान आकारात शिरा गाळल्या तरी चालतील, देठ गाळायचा नाही. बिल्ल्यावर बोधवाक्य मावत नसेल तर ते पूर्ण सोडावं, अर्धवट घेऊ नये. हलन्त आणि विसर्ग तपासल्याशिवाय छपाईला मान्यता नाही, आणि ती सही संस्कृतच्या शिक्षकाची.

भरतकामाचा पहिला नमुना आला तेव्हा मधलं पान पुन्हा खाली बसलं होतं. मशीनवर बारीक देठ शिवला की दोरा तुटतो, म्हणून कारागिराने तो काढून टाकला होता. त्याची अडचण खरी होती. सर त्याच्या दुकानात जाऊन बसले, देठ दोन टाक्यांऐवजी तीन टाक्यांचा जाड केला, पान थोडं लहान केलं. तिसरा नमुना बरोबर आला. कमळ कसं जन्माला आलं असेल ते मला त्या दुकानात कळलं. कोणाचाही वाईट हेतू नव्हता, कोणाचा तरी दोरा तुटत होता.

दैनंदिन्या वाटून झाल्या होत्या. त्या परत घेणं शक्य नव्हतं, म्हणून पहिल्या पानावर चिकटवायला नवी चिठ्ठी छापली आणि ती घेऊन मी वर्गावर्गांत गेले. आधीचा मजकूर मी लिहिला होता आणि तो चुकीचा होता, हे प्रत्येक वर्गात सांगितलं. सातवीत एका मुलाने विचारलं, “मग मॅडम, ज्ञान, शील, सेवा नकोत का?” मी त्याला म्हटलं, हवीत, पण ती या पानावर लिहिलेली नाहीत. त्याला ते पटलं की नाही कळलं नाही. तो प्रश्न मला आवडला.

परिणाम

नव्या वर्षापासून पहिलीच्या मुलांना पहिल्या आठवड्यात खरं बेलाचं पान हातात देतो. देठ कुठला लांब ते त्यांनी शोधायचं. अहिल्योत्सवाच्या दिवसांत सहावीला दोन्ही अहिल्यांची गोष्ट शेजारी शेजारी सांगतो. वक्तृत्व स्पर्धेतल्या त्या मुलीनेच पुढच्या वर्षी महेश्वरच्या घाटांवर प्रकल्प केला. तिची आधीची गोष्ट चुकीची ठरवून तिला गप्प केलं नाही, हे आमच्या हातून बरं झालं.

ज्या पालकांनी प्रश्न काढला त्यांनी मुलाच्या खोलीत बोधवाक्य मराठी ओळीसकट लावलं आहे. पटावर याचा काही परिणाम झाला का, हे विश्वस्त विचारतात. त्यासाठी हे केलंच नव्हतं, असं मी त्यांना सांगते.

माजी विद्यार्थी मात्र दुखावले. फाटकावरची ज्योत बघत एक अख्खी पिढी मोठी झाली. त्यांच्या व्हॉट्सॲप गटाचं नावच ‘ज्योत’ आहे. नवं चिन्ह त्यांना शाळेच्या पानावरून कळलं आणि ‘आमची शाळा पुसून टाकली’ असे संदेश आले. काहींनी वार्षिक देणगी थांबवली.

आज वेगळं काय केलं असतं

दैनंदिनीचं ते पान त्या वर्षी कोरं सोडलं असतं. दहा दिवसांची मुदत छापखान्याची होती, अर्थाची नव्हती. चुकीचा अर्थ हजार दप्तरांत गेल्यावर तो परत बोलावण्यात जेवढा वेळ गेला, त्याच्या पावपट वेळात सरांनी प्रती मांडून झाल्या असत्या. जुन्या प्रती वर्षांच्या क्रमाने मांडणं ही आमची पहिली बैठक व्हायला हवी होती, ती चौथी झाली.

समितीवर एक तरी माजी विद्यार्थी हवा होता, आणि तो ज्योतीच्या पिढीतला. आम्ही आजींपर्यंत पोहोचलो ते योगायोगाने, सरांच्या ओळखीतून. मधल्या पिढीला आम्ही विचारलंच नाही, कारण त्यांचं चिन्ह ‘बिघडलेलं’ आहे असं आम्ही आधीच धरून चाललो होतो. ज्योत ही चूक असली तरी ती तीस वर्षं त्यांच्या छातीवर होती. हे मला फार उशिरा कळलं, आणि ते त्यांच्या संदेशांतून कळावं लागलं.

डिझायनरशीही आम्ही नीट वागलो नाही. त्याला शाळेबद्दल काहीच न सांगता नमुने मागवले आणि मग ते कुठल्याही शाळेचे वाटतात म्हणून नाकारले. त्याचं मानधन दिलं, पण चिठ्ठी सापडल्यावर त्याला एकदा बोलवायला हवं होतं. लहान आकाराच्या अडचणी त्याने सरांपेक्षा लवकर सोडवल्या असत्या.

फाटकाचं अजून ठरलेलं नाही. विश्वस्तांना ज्योत काढून नवं पान बसवायचं आहे. सर म्हणतात, ज्योत तशीच ठेवावी, खाली छोटी पाटी लावावी: हे पान वेल्डिंगमध्ये असं झालं. माझं मत सरांच्या बाजूने आहे आणि पुढच्या बैठकीला ‘ज्योत’ गटातले दोघे येणार आहेत.

रुपया आजींना परत केला. त्यांनी तो दिवाळीच्या आधी मागितला होता, डबी रिकामी ठेवायची नव्हती. सरांनी त्याचे दोन्ही बाजूंचे फोटो काढून घेतले आहेत, आणि मूळ चिठ्ठी अजून त्या पुस्तकातच आहे, आजींच्या कपाटात.